मुठेचा गाळ आणि डोंगरातल्या वाटा

पुणे शहरात राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांच्या घरी नळाला येणारे पाणी खडकवासल्याहून येते. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आपण तेथील चौपाटीवर जातो, भाजलेली कणसे खातो, पलीकडच्या तीरावरील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परिसराकडे कौतुकाने पाहतो आणि अंधार पडण्यापूर्वी परततो. त्या पाण्याच्या तळाशी काय आहे, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तळाशी गाळ आहे, आणि तो साठण्यास दीडशे वर्षांइतका काळ लागला आहे. तो कोठून आला, कोणत्या वाटेने आला आणि त्याखाली काय काय गाडले गेले, हे पाहू लागलो म्हणजे मुठा खोऱ्याचा एक वेगळाच इतिहास आपल्यापुढे उभा राहतो. तो राजेरजवाड्यांचा नाही. माती, पाणी, मासे आणि रस्ते यांचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच थोडी ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ माशांपासूनच करू. पेशवाईच्या अस्तानंतर कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचे एक इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करीत होते. शेतसारा आणि पीकपाणी यांच्या जोडीने त्यांनी पशुपक्ष्यांची व माशांचीही बारकाईने नोंद केली. दख्खनच्या माशांवरील त्यांचे काम १८३९ पासून लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या प्रकाशनांतून प्रसिद्ध झाले. शास्त्रीय नावे देताना त्यांनी येथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन पेहरावात उभी केली. शिंगटी, घोगरा, मुल्या, कोळस ही आपल्या नदीकाठची नावे अशा रीतीने जगाच्या ग्रंथांत गेली. मुळा-मुठेच्या पात्रात, पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यांनी 'खुद्री' हे नाव दिले. आपण ज्याला महाशीर म्हणतो, त्याचीच ही दख्खनी जात. या जातीची शास्त्रातील पहिली ओळख पुण्याच्या नदीवरून झाली, ही गोष्ट पुणेकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

या माशाची राहणी ध्यानात घेण्यासारखी आहे. तो वाहत्या, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा रहिवासी. पावसाळ्यात नदी भरली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ तळावर अंडी घालतो. अंड्यांभोवती पाणी खेळते राहिले पाहिजे. तरच आतला जीव वाढतो. गोट्यांमधल्या फटी बारीक मातीने बुजल्या, तर अंडी गुदमरतात. युरोप-अमेरिकेतील सामन आणि ट्राऊट हे थंड पाण्याचे मासे आपल्या सह्याद्रीत नाहीत. परंतु त्यांचीही गरज हीच. सामनाची मादी शेपटीने खडीत खळगा करून त्यात अंडी घालते व वरून खडी लोटते. तेथेही शत्रू तोच: वरच्या डोंगरातून वाहून येणारी बारीक माती.

आता प्रश्न असा की, डोंगरातून माती वाहून येते ती का? पाऊस तर युगानुयुगे पडत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर तो अतोनात पडतो. तरीही झाडांची मुळे, पालापाचोळा आणि गवत यांनी धरून ठेवलेली माती सहजी सुटत नाही. जुन्या काळच्या वाटाही अशाच होत्या, की ज्यांनी डोंगर फारसा दुखावत नसे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जाणारे लमाणांचे तांडे आणि घाट उतरून कोकणात जाणारे वाटसरू यांच्या पायवाटा अरुंद असत आणि डोंगराच्या उताराशी जुळते घेत. गाळाचे मर्मही जुन्या लोकांना ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यास नळाने पाणी आणले गेले, तेव्हा तेथे एकाखाली एक असे दोन तलाव राखण्यात आले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे, ही त्यामागील योजना. पाणी साठवणे म्हणजे गाळाशी हिशेब मांडणे, हे त्या कारागिरांना उमगले होते.

इंग्रजी अमलात तोडीचा वेग वाढला. दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४० च्या दशकात सरकारच्या निदर्शनास आणले होते की, सह्याद्रीचे उतार उघडे पडल्याने कोकणातील खाड्या गाळाने भरत आहेत. १८४७ साली मुंबई इलाख्यात वनखात्याची उभारणी झाली आणि त्याचे पहिले प्रमुख हेच गिब्सन झाले. परंतु पुढच्याच काही वर्षांत लोहमार्ग आले; १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली. रुळांखालील लाकूड, इंजिनांचे जळण आणि वाढत्या शहरांचा कोळसा या सर्वांचा भार शेवटी रानावरच पडला.

खडकवासल्याचे धरण याच काळातले. कॅप्टन फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार १८६९ च्या सुमारास काम सुरू होऊन १८७९-८० मध्ये ते पुरे झाले. पुणे व खडकी येथील छावण्यांना पाणी आणि पूर्वेकडील दुष्काळी गावांना पाटाचे पाणी, हा त्याचा हेतू. तलावाला 'लेक फाइफ' हे नाव पडले. भारतातील मोठ्या दगडी धरणांत ते आरंभीचे गणले जाते. आंबी, मोसे आणि मुठा या तीन नद्यांचे, सुमारे ५०० चौरस किलोमीटर डोंगराळ प्रदेशाचे पाणी या एका भिंतीमागे अडू लागले. जे पाणी अडले, त्याच्याबरोबर माती अडली. आणि वर चढणारा मासाही अडला. पुढे याच तलावाच्या पायथ्याशी पाण्याचा व गाळाचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था वाढली. १९१६ साली मुंबई सरकारने आरंभिलेले ते कार्य आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा म्हणून सर्वत्र ख्यात आहे.

आमच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान मात्र पानशेतचे आहे. १२ जुलै १९६१ हा दिवस पुण्यातील प्रत्येक जुन्या घराला आठवतो. बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण त्या दिवशी फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. या प्रलयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच धरणाच्या निमित्ताने वरच्या खोऱ्यात दुसरी एक पडझड झाली. ती सावकाश झाली, म्हणून तिचा गाजावाजा झाला नाही.

धरण बांधावयाचे म्हणजे यंत्रे, सिमेंट, मजूर हे सारे डोंगरात न्यावे लागते. त्यासाठी रस्ते हवेत. वेल्हे तालुक्यात, ज्याचे नाव आता राजगड झाले आहे, तोपर्यंत मालमोटारीची वाट नव्हती. धरणासाठी ती झाली आणि तिच्यावरून केवळ सिमेंटच वर गेले नाही, तर पुण्याच्या बाजारासाठी कोळसा खाली येऊ लागला. डॉ. माधव गाडगीळ यांनी या खोऱ्याची ही कहाणी नोंदवून ठेवली आहे. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, त्या शेतकऱ्यांना हाती पैका नव्हता. व्यापाऱ्यांनी त्यांची झाडे कवडीमोलाने घेतली आणि कोळशाच्या भट्ट्या लागल्या. आंबा, हिरडा यांसारखी पिढ्यान् पिढ्या राखलेली झाडेही त्यातून सुटली नाहीत. तळातली भातखाचरे बुडाल्यावर जे लोक मागे राहिले, ते वरच्या उतारावर नांगर धरू लागले. झाड गेलेला उतार आणि त्यावर नांगराची रेघ. मग पहिल्याच पावसात माती सुटणार, यात नवल ते काय? १९७० च्या दशकात डॉ. गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा उघड्या पडलेल्या डोंगरांत या देवरायाच काय त्या हिरव्या बेटांसारख्या उरल्या होत्या.

या प्रसंगात दोष कोणाचा? शेतकऱ्याचा म्हणावा, तर त्याचे शेत शहराच्या तहानेसाठी गेले होते. रस्त्याचा म्हणावा, तर रस्ता निर्जीव आहे. आम्हांस इतकेच दिसते की, रस्ता ज्या कामासाठी केला त्या कामापुरता राहत नाही. काम संपते, रस्ता उरतो. आणि उरलेला रस्ता आपली स्वतःची कामे शोधून काढतो.

रस्त्यामुळे माती कशी सुटते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. डोंगराच्या कुशीतून रस्ता काढताना वरची बाजू तोडून खालच्या बाजूस भराव टाकतात. वरच्या कापलेल्या अंगातून, जमिनीत मुरून सावकाश वाहणारे पाणी उघड्यावर येते. ते रस्त्याच्या कडेच्या गटारातून एकवटून धावू लागते. जेथे ओढा रस्त्याला छेदतो, तेथे मोरी घालतात. पानापाचोळ्याने वा दगडधोंड्यांनी ती तुंबली की पाणी रस्त्यावरून उडी घेते आणि खालचा भराव घेऊन ओढ्यात कोसळते. वापरातल्या रस्त्याची निदान कोणी तरी देखभाल करते. टाकून दिलेल्या रस्त्याची मोरी कोण साफ करणार? म्हणूनच विसरलेला रस्ता हा चालत्या रस्त्यापेक्षा पुष्कळदा अधिक घातक ठरतो. शिवाय मोरीचे तोंड ओढ्याच्या तळापासून हातभर उंच राहिले, तर वर जाणाऱ्या माशाला ती भिंतच होते.

अमेरिकेने हा धडा महाग किंमत देऊन घेतला. तेथील सरकारी जंगलांत लाकूडतोडीसाठी एवढे रस्ते काढले गेले की, त्यांची लांबी सुमारे ६ लाख किलोमीटर भरते. कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानाचा १९७८ मध्ये विस्तार झाला, तेव्हा तोडलेल्या जंगलाबरोबर तोडीचे रस्तेही सरकारच्या पदरी आले. खालच्या रेडवुड नदीत गाळ उतरत होता आणि जगातील अत्युच्च वृक्ष तिच्याच काठी उभे होते. तेव्हा एक अजब वाटणारे काम सुरू झाले. ज्या यंत्रांनी रस्ते काढले, तशाच यंत्रांनी ते पुसण्यास आरंभ झाला. मोऱ्या उखडून ओढ्यांना त्यांचे जुने पात्र मोकळे करून दिले गेले, खाली लोटलेला भराव उचलून पुन्हा डोंगराच्या कापलेल्या अंगाशी लावला गेला, कठीण झालेली जमीन नांगरून तिच्यावर काटक्या-पाला पसरण्यात आला. आयडाहो राज्यातील क्लिअरवॉटरच्या जंगलात १९९५-९६ च्या हिवाळी पुरांत शेकडो दरडी कोसळल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक रस्त्यांशी निगडित होत्या, असे पाहणीत आढळले. त्यानंतर तेथील वनखाते आणि नेझ पर्स हे आदिवासी राष्ट्र यांनी मिळून जुने रस्ते मोडण्याचे काम हाती घेतले. २००८ पासून अमेरिकी संसदेने अशा कामांसाठी स्वतंत्र निधीची तरतूद केली.

नेझ पर्स लोकांचा येथील सहभाग विचार करण्याजोगा आहे. सामन हे त्यांचे अन्न, त्यांचा सण आणि त्यांचा हक्क. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील आदिवासी जमातींनी २००१ साली न्यायालयात असा दावा मांडला की, १८५४-५५ च्या तहांनी आम्हांस मासेमारीचा हक्क दिला आहे. सरकारने रस्त्याखाली माशाला अडवणाऱ्या मोऱ्या घालून तो हक्कच पोकळ केला. २०१८ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जमातींच्या बाजूचा निकाल कायम राहिला. मोरीसारख्या क्षुद्र वस्तूमागेही न्यायाचा प्रश्न असू शकतो, तो असा.

आता आपल्या खोऱ्याकडे पुन्हा वळू. आज खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी तीन धरणे आहेत. चारही मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट उपयुक्त साठा होतो; त्यात खडकवासल्याचा वाटा २ अब्ज घनफुटांपेक्षाही किंचित कमी. तरीही महत्त्व त्याचेच अधिक, कारण वरचे सारे पाणी याच तलावात उतरते आणि येथूनच पाटाला व शहराला मिळते. वरच्या खोऱ्यातला बराच गाळ आता वरची धरणे अडवून धरतात. तेव्हा खडकवासल्यात थेट उतरणारी माती मुख्यतः सिंहगडाच्या पायथ्यापासून डोणजे, गोऱ्हे, खानापूर, मालखेड या बाजूच्या ओढ्यांची आणि समोरच्या तीरावरच्या उतारांची. हेच उतार गेल्या तीस वर्षांत शहराच्या नजरेत भरले. डोंगर विकत घेऊन त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यापर्यंत यंत्राने रस्ता कापायचा, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो तसाच सोडून द्यायचा, अशी रीत पडली. वरसगावच्या काठी लवासाच्या उभारणीत झालेली डोंगरफोड देशभर गाजली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये ते काम थांबवले आणि एका वर्षाने अटी घालून परवानगी दिली. ६ जून २०१३ रोजी कात्रजच्या घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडलेल्या जागेतून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक माय आणि तिचे लेकरू वाहून गेले. २०१७ च्या पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटरस्त्यावर दरड कोसळून वाहतूक बंद करावी लागली. हे प्रसंग वेगवेगळे आहेत. प्रत्येकाची कारणेही अनेक आहेत. परंतु कापलेला उतार हा त्यांतला समान धागा आहे.

आणि मासे? १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली होती. २००३ मध्ये मुळा-मुठेच्या माशांची नवी पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्वी नोंदलेल्या जातींपैकी कित्येक हाती लागल्या नाहीत. याला एकटा गाळच कारणीभूत आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहराचे सांडपाणी, धरणांच्या भिंती, बाहेरून आणून सोडलेले तिलापियासारखे मासे या सर्वांनी हातभार लावला आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास चालविली आणि त्याची पिले देशभर पाठविली, ही मोठी आश्वासक गोष्ट. परंतु पिलू सोडले म्हणजे मासा परतला असे होत नाही. त्याला अंडी घालण्यास स्वच्छ खडीचा ओढा हवा. आणि तो कोणत्याही हौदात तयार होत नाही.

गाळ काढण्याचे प्रयत्न झाले, होत आहेत. निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या 'ग्रीन थंब' संस्थेने खडकवासल्यातील गाळ काढण्याचे काम चिकाटीने केले. २०१७ मध्ये राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. तळातली काळी माती शेतकऱ्याच्या रानात पडते, हे उत्तमच. तथापि वरचा नळ चालू ठेवून खालची जमीन पुसत बसावे, असे हे काम आहे. जोपर्यंत डोंगर सुटत आहे, तोपर्यंत काढलेल्या गाळाची जागा दर पावसाळ्यात नवा गाळ घेणारच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. या डोंगरांत राहणारी माणसे अद्याप रस्त्यांसाठी झुरत आहेत. कित्येक धनगरवाड्यांतून आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणावे लागते. पोरांना शाळेसाठी ओढे ओलांडावे लागतात. शहराने त्यांची खाचरे बुडविली, झाडे जाळली; आता माशांच्या नावाने त्यांचे रस्तेही मोडावयाचे काय? आम्ही स्पष्टपणे सांगतो: नाही. ज्या रस्त्याने आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो, तो रस्ता राहिलाच पाहिजे. उलट त्याच्या मोऱ्या रुंद आणि तळाशी जुळत्या बांधून तो अधिक टिकाऊ केला पाहिजे. मोडावयाचे आहेत ते दुसरे रस्ते: बंद पडलेल्या खाणींचे, न विकल्या गेलेल्या तुकड्यांचे, धरणांची कामे संपल्यावर उगाच उरलेले. कोणाच्याही पायाखाली नसलेले असे रस्ते मोजावेत, त्यांतले जे ओढ्यात माती लोटत आहेत ते आधी निवडावेत, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांचा भराव मागे ओढून घ्यावा. हे काम यंत्राचे आहे, तितकेच हाताचेही आहे. ज्या गावांची जमीन धरणात गेली, त्यांच्याच तरुणांना त्याची मजुरी मिळाली, तर एका जुन्या ऋणाची थोडीशी तरी फेड होईल.

२०११ च्या पश्चिम घाट अहवालात डॉ. गाडगीळ यांच्या समितीने अतिसंवेदनशील भागात अगदी आवश्यक असल्याखेरीज नवे मोठे रस्ते नकोत, असे म्हटले होते. त्या अहवालावर पुष्कळ वाद झाले. परंतु नवा रस्ता करू नये यापलीकडे एक पाऊल आहे. जुना, निरुपयोगी रस्ता उकलावा. आपल्याकडे रस्ता होणे म्हणजे प्रगती, आणि त्याची कोनशिला बसविण्यास पाहुणे मिळतात. रस्ता मोडण्याच्या समारंभाला कोण येणार? म्हणून हे काम मागून घ्यावे लागेल, आणि ते मागण्याचा अधिकार पाणी पिणाऱ्यांचाही आहे.

वाचकांनी पुढल्या खेपेस खडकवासल्याला गेल्यावर एवढेच करावे. पहिल्या पावसानंतर सिंहगडाच्या बाजूने येणाऱ्या एखाद्या ओढ्याचे पाणी तलावाला मिळते, तेथे थोडा वेळ थांबावे. पाणी गढूळ लाल येत असेल, तर मुलांना वरचा डोंगर दाखवावा आणि तो कोठे कापला आहे ते शोधण्यास सांगावे. साइक्स यांनी या नदीतल्या माशांची नावे नदीकाठच्या लोकांना विचारून लिहिली. ती नावे पुढच्या पिढीला केवळ ग्रंथातच वाचावी लागू नयेत, एवढी आमची इच्छा आहे.